आभाराला माणसं लागतात

आमच्या नात्यातली तरुण मुलं परदेशातून चार दिवस आली की एक प्रश्न हमखास येतो. "आजी, हा मलिदा आपल्या धर्मात कुठे लिहिलाय? तिकडे तर कुणी करत नाही!" प्रश्न रास्त आहे. शाळेत पस्तीस वर्षं मुलांना 'प्रश्न विचारा' म्हणून सांगितलं, तेव्हा आता कुरकूर करून कसं चालेल? म्हणून म्हटलं, एकदा सविस्तर लिहूनच टाकावं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. आम्ही बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू. नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटलं आणि सात जोडपी वाचली, अशी आमची परंपरागत कथा. पूर्वज तेलाचा घाणा चालवायचे आणि शनिवारी बंद ठेवायचे, म्हणून गाव त्यांना 'शनिवार तेली' म्हणे. आमच्या प्रार्थनामंदिराला आम्ही घरात 'मशीद'च म्हणतो. अलिबागला इस्रायल आळीत आहे, रेवदंड्याला आहे, पेणला आहे. १९४८ नंतर निम्म्याहून जास्त समाज इस्रायलला गेला. २०११ च्या जनगणनेत साऱ्या भारतात मिळून पाच हजारांच्या आतच ज्यू मोजले गेले. असो.

तर मलिदा. धुतलेले पोहे, गूळ किंवा साखर, भरपूर ओलं खोबरं, वेलची, बदाम-मनुका. ताटात मध्यभागी हा ढीग, भोवती पाच प्रकारची फळं, वर गुलाबाच्या पाकळ्या. एलियाहू हनाबी, म्हणजे एलिया पैगंबर, यांची आठवण करून प्रार्थना म्हणायची, मग सगळ्यांनी मिळून खायचं. लग्नाच्या आधी, बाळाची सुंता झाल्यावर, नव्या घरात गेल्यावर, दुखण्यातून माणूस उठल्यावर, नवस फिटल्यावर मलिदा होतो.

नाव दर्ग्यावरून आलंय हे कबूल. पोहे आणि खोबरं कोकणातलं, तेही कबूल. पण ताटावर म्हटले जाणारे आशीर्वाद हिब्रूच आहेत. झाडाच्या फळाचा वेगळा, जमिनीतून येणाऱ्याचा वेगळा, धान्याचा वेगळा, सुगंधाचा वेगळा. सगळ्याला मिळून एकच 'थँक्यू' चालत नाही! मला यातली केळ्याची गंमत फार आवडते. आमच्या धर्मशास्त्रात केळं झाडाच्या फळात धरत नाहीत, जमिनीच्या फळात धरतात. का, हे कोकणातल्या माणसाला सांगायला नको. घड उतरवला की केळ तोडायचीच असते. आभार मानण्याआधी वस्तू कुठून आली याचा विचार करायला लावणारी ही पद्धत मला व्याकरणाच्या तासाइतकीच शिस्तीची वाटते.

आणि आभार हा आमच्याकडे वरवरचा विषय नाही. 'यहुदी' हे नावच यहुदावरून आलं. लेआला चौथा मुलगा झाला, तेव्हा तिने देवाचे आभार मानले आणि त्यावरून त्याचं नाव ठेवलं.

आपल्या आजी-पणजींनी तर वर्षभराचे सण मराठीतच बसवले होते. हाइम सॅम्युएल केहीमकरांनी १८९७ मध्ये आपल्या समाजाचा इतिहास लिहून पूर्ण केला (छापला गेला १९३७ साली). त्यात ही जुनी नावं आहेत. वर्षारंभ तो नव्याचा सण. त्यानंतर तीन दिवसांनी खिरीचा सण, नव्या धान्याची नारळाच्या रसातली खीर. योम किप्पूर म्हणजे दारफाळणीचा सण, दारं लावून घेऊन उपास. दुसऱ्या दिवशी शिळा सण. त्या दिवशी गरिबांना दान द्यायचं आणि लोकांच्या घरी जायचं. हा क्रम बघा. देवाची माफी मागून झाली की लगेच माणसांकडे जायचं! मंदिर पाडलं गेल्याच्या दुःखाचा उपासही वालाच्या नावाने ओळखला जाई, बिरड्याचा रोजा.

आता माझं म्हणणं. आभार मनातल्या मनात मानता येतात, असं आपण समजतो. मला ते पटत नाही. आमच्या धर्मातही एक नियम आहे. समुद्रप्रवास, वाळवंट, कैद किंवा मोठं दुखणं यातून सुखरूप सुटलेल्याने आभाराचा आशीर्वाद म्हणायचा, आणि तो दहा जणांच्या समोर म्हणायचा. एकट्याने उरकायचा नाही.

तीन वर्षांपूर्वी आमच्या यजमानांची हृदयाची शस्त्रक्रिया झाली. बरे झाल्यावर मशिदीत हा आशीर्वाद म्हणायचं ठरलं. आणि दहा पुरुष जमेनात! (मी स्वतः त्या दहांत मोजली जात नाही, पण फोन करकरून दहा जमवायचं काम घरोघरी बायकाच करत आल्यात, हेही लिहून ठेवते.) गावात सहा होते. पेणहून दोघे आले. ठाण्याहून दोघे सोमवारच्या सकाळी लाँचने मांडव्याला उतरले. एकाने तर विचारलं, "आम्हीही समुद्र ओलांडून आलोय, आम्हीपण म्हणू का?" मशिदीत हशा पिकला. पण तो आशीर्वाद म्हणताना ह्यांचा आवाज दोनदा थांबला. दोघे जण कामाचा दिवस बुडवून आले नसते, तर तो म्हणताच आला नसता.

संध्याकाळी घरी मलिदा केला. रक्त देणारा शेजारचा मुसलमान मुलगा आला, रात्री दीड वाजता रिक्षा काढणारा आगरी भाऊ आला, महिनाभर आमचा डबा करणारी कोळीणबाई आली. मशिदीतल्या दहांत यातलं कुणीच नव्हतं. ह्यांचा जीव मात्र याच लोकांनी वाचवला होता. त्यांना आभार पोचवायला ताट होतं म्हणून बरं. तेव्हा "कुठे लिहिलाय" याला माझं उत्तर असं की नियमाचे दहा जणही हवेत आणि मलिद्याचं ताटही हवं. एकाने दुसऱ्याची जागा भरत नाही.

"सातच माणसं येतात तर मशीद उघडायची कशाला?" असंही आता आमच्यातलेच काही जण म्हणतात. अरे, सात येतात कारण दार उघडं असतं. बंद केलं तर तेही येणार नाहीत, आणि पुढच्या आजाऱ्याने दहा शोधायचे कुठे?

परदेशातल्या भाचरांना एवढंच सांगणं आहे. येताना डिसेंबरची सुट्टी बघून येता, एकदा तू बिश्वातला या. शेवात महिन्याची पौर्णिमा, आपल्या पौष-माघाच्या सुमाराची. तेव्हा आंब्याला मोहोर असतो, वालाच्या शेंगा असतात, कुठेतरी पोपटीचं मडकं लागलेलं असतं. अलिबागजवळ खंडाळ्याला (घाटातला नव्हे!) एलियाहू हनाबींच्या रथाच्या खुणा मानतात, त्या खडकाशी आपले लोक मलिदा घेऊन जातात. पोहे मी भिजवीन. नारळ खवायला मात्र माणसं हवीत, माझे हात आता दुखतात.

आणि ब्लॉगर मंडळी, तुमच्या घरी कुणी आजारातून उठलं की काय करता? जरूर लिहा.