प्रबंध की पगार?

पदव्युत्तर परीक्षेत उत्तम गुण मिळविलेल्या मध्यमवर्गीय तरुणापुढे दोन वाटा उभ्या राहतात. एक पीएच.डी.ची, दुसरी बँकेतील वा शासकीय कचेरीतील कायम नोकरीची. घरातील वडीलधारी मंडळी 'आधी नोकरीला चिकट' म्हणतात. आम्ही शिक्षक 'एवढी बुद्धी फायलींत घालवणार काय?' असे विचारतो. दोन्ही सल्ले सद्भावनेचे. परंतु दोन्हींत हिशेबाचा अभाव आहे. हिशेब नीट मांडल्याने ध्येयाची अवहेलना होत नाही.

विद्यापीठ अनुदान आयोगाने कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती १ जानेवारी २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये केली. दोन वर्षांनंतर ती ४२,००० होते. पाच वर्षांची एकूण रक्कम २४ लाख रुपये भरते. राज्य शासनातील लिपिकाचे आरंभीचे मूळ वेतन सातव्या वेतन आयोगानुसार १९,९०० रुपये. महागाई व घरभाडे भत्ता जमेस धरला, तरीही शिष्यवृत्ती हलकी ठरत नाही. मात्र वेतनाला वार्षिक वाढ असते, सेवाज्येष्ठता असते, उतारवयाची तरतूद असते. शिष्यवृत्ती ठरल्या तारखेला संपते. प्रबंध त्या तारखेला संपेलच असे नाही. २०२२ च्या नियमांनुसार पीएच.डी.ची मुदत किमान तीन व सर्वसाधारणपणे कमाल सहा वर्षे आहे. पाच आणि सहा यांमधले ते एक वर्ष कित्येक घरांना जड जाते.

शिष्यवृत्तीच नसेल, तर सोडून दिलेला सारा पगार ही प्रबंधाची किंमत होय. अर्थशास्त्रात यालाच संधी-खर्च म्हणतात. तो विद्यार्थी एकटा भरीत नाही; वडिलांची निवृत्ती, धाकट्या बहिणीचे शिक्षण आणि घराचे हप्ते हेही तो भरतात.

मग या खर्चाचे फळ काय? ३० जून २०२३ च्या दुरुस्तीनंतर सहायक प्राध्यापकपदासाठी नेट वा सेट ही किमान पात्रता ठरली आणि पीएच.डी. ऐच्छिक झाली. पुढे सहयोगी प्राध्यापकपदाच्या बढतीसाठी ती लागते. पण प्रवेशद्वाराची किल्ली म्हणून तिच्याकडे पाहणाऱ्यांनी सावध राहावे. पदवी हाती असूनही तासिका तत्त्वावर शिकवणारे आपल्या भोवती कमी नाहीत. नोकरी मिळत नाही म्हणून केलेली पीएच.डी. बेकारीवरचा उपाय नसून ती पुढे ढकलण्याचा महागडा मार्ग होय.

या दोन वाटा एकमेकींना कायमच्या छेदतात, हे गृहीतही तपासले पाहिजे. बडोदे संस्थानची शिष्यवृत्ती संपल्याने १९१७ साली डॉ. आंबेडकरांना लंडनमधील अभ्यास अर्धवट टाकून परतावे लागले. १९१८ मध्ये ते मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापक झाले. पगारातून शिल्लक टाकून, शाहू महाराजांचे साहाय्य व मित्राकडून कर्ज घेऊन १९२० साली त्यांनी पुन्हा लंडन गाठले. रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधास १९२३ मध्ये डी.एस्सी. मिळाली. त्यांच्या निर्धाराची बरोबरी कोणी सांगू नये. परंतु विद्यापीठाने त्यांना चार वर्षांच्या आत परतण्याची मुभा दिली होती, हेही विसरू नये. निर्धाराला उघडे दार लागते.

म्हणून आमचे मत स्पष्ट आहे. शिष्यवृत्ती हाती असेल आणि एखादा प्रश्न खरोखर झोप उडवीत असेल, तर नोकरीच्या भीतीने मागे फिरू नये. दोहोंपैकी एकही नसेल, तर पगार स्वीकारावा. त्यात कमीपणा नाही. प्रश्न आहे पण पैसा नाही, अशांनी नोकरी धरून मालकाच्या ना-हरकत पत्रासह अर्धवेळ नोंदणी करावी. २०२२ च्या नियमांत ती सोय आहे.

उरली ती शासनाची व विद्यापीठांची जबाबदारी. शिष्यवृत्ती पगाराप्रमाणे दरमहा हाती पडली पाहिजे, मंजूर पदे भरली गेली पाहिजेत आणि ना-हरकत पत्र हा साहेबाच्या मर्जीचा विषय राहता कामा नये. एरवी संशोधन हा ज्यांच्या घरी दोन पिढ्यांची शिल्लक आहे त्यांचाच व्यवसाय होईल. आणि गरिबीवरचे प्रबंधही मग गरिबी न पाहिलेल्यांनीच लिहिलेले असतील.