समीक्षकांचा कौल आणि समाजाची कसोटी

पुराणकथांच्या आधारावर भव्य संगणकीय खेळ आता भारतात घडू लागले आहेत. पुण्याच्या ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ या संस्थेने २०२५ साली ‘राजी : कलियुग’ या आपल्या पुढील खेळाची घोषणा केली. त्याच वर्षी अमिताभ बच्चन आणि लेखक अमीश त्रिपाठी यांच्या सहभागातून उभ्या राहिलेल्या ‘तारा गेमिंग’ या संस्थेने ‘द एज ऑफ भारत’ हा प्राचीन भारताच्या पार्श्वभूमीवरील अद्भुतरम्य खेळ जाहीर केला. असा खेळ हाती पडण्याआधीच एक प्रश्न तरुणांच्या चर्चेत येतो : समीक्षक त्याचे स्वागत कसे करतील? वरवर पाहता हा प्रश्न करमणुकीच्या पानावरचा वाटतो. परंतु ज्या माध्यमातून पुढची पिढी देव, दानव, धर्म आणि पराक्रम यांची चित्रे मनात साठवणार आहे, त्या माध्यमाचे मोजमाप कोण करणार आणि कोणत्या मापाने करणार, हा त्यामागचा खरा प्रश्न आहे.

बारामती-इंदापूरच्या मध्यमवर्गीय घरात ‘गेम’ हा शब्द उच्चारला की आईवडिलांच्या कपाळावर आठ्या पडतात, आणि त्याला सबळ कारण आहे. मोबाइलवर पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या खेळांनी अनेक संसारांची राखरांगोळी केली. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदा करून अशा खेळांवर बंदी घातली, हे योग्यच झाले. परंतु त्याच कायद्याने स्पर्धात्मक ई-क्रीडेला मान्यता दिली आणि सामाजिक व शैक्षणिक खेळांना प्रोत्साहन देण्याची भूमिका घेतली, हेही विसरता कामा नये. जुगार आणि कलाकृती यांत फरक करण्याचा विवेक कायद्याने दाखविला आहे. तो घराघरांतही रुजला पाहिजे.

‘मुक्तविश्व’ प्रकारचा खेळ म्हणजे काय, हे समजण्यासाठी इंदापूर तालुक्याचा नकाशा डोळ्यांपुढे आणावा. एका टोकाला नीरा आणि भीमा यांच्या संगमावर नीरा नरसिंहपूरचे लक्ष्मी-नृसिंहाचे क्षेत्र, ज्याची स्थानकथा थेट भक्त प्रल्हादापर्यंत पोहोचते. दुसऱ्या टोकाला भिगवणजवळ उजनीच्या फुगवट्यावर उतरणारे रोहित पक्षी. मध्ये पळसदेवचे जलाशयाने पोटात घेतलेले प्राचीन शिवमंदिर, जे पाणी ओसरले की पुन्हा दर्शन देते. इंदापुरात मालोजीराजांची गढी. आषाढात तुकोबांची पालखी बारामतीहून सणसर, बेलवाडी, निमगाव केतकी, इंदापूर, सराटी असे मुक्काम आणि रिंगणे करीत नीराकाठी पोहोचते, ती वाट. या साऱ्या प्रदेशात खेळणाऱ्याला मोकळे सोडले आहे, अशी कल्पना करावी. आधी कोठे जायचे, कोणाशी बोलायचे, कोणते गूढ उकलायचे हे त्याने ठरवायचे. ठरावीक पायऱ्या चढण्याचे बंधन नाही. कथा वाटेत भेटत जाते. २०२२ साली आलेल्या ‘एल्डन रिंग’ या जपानी खेळाने हा प्रकार कोणत्या उंचीवर नेता येतो हे दाखवून दिले. समीक्षकांच्या गुणांची सरासरी काढणाऱ्या ‘मेटाक्रिटिक’वर त्याला शंभरापैकी सुमारे ९६ गुण मिळाले.

भारतीय पुराणांवर उभ्या राहणाऱ्या खेळाला असा कौल मिळेल काय? भाकीत करण्यासाठी ज्योतिषाची गरज नाही. पूर्वीचे दाखले पुरेसे आहेत.

पहिला दाखला २००९ चा. ‘हनुमान : बॉय वॉरियर’ हा प्लेस्टेशन २ साठी संपूर्णपणे भारतात घडविलेला पहिला खेळ म्हणून गाजला. समीक्षकांनी त्याच्या सदोष रचनेवर कठोर टीका केली. दुसरीकडे, हनुमंताला खेळणाऱ्याच्या बोटांवर नाचविणे हा देवतेचा उपमर्द आहे, असा आक्षेप अमेरिकेतील हिंदूंच्या वतीने घेतला गेला. दोन्ही बाजूंच्या गदारोळात एक साधी गोष्ट कोणी ठामपणे सांगितली नाही : हनुमंताच्या कथेला साजेसे कष्ट त्या खेळावर घेतले गेले नव्हते. श्रद्धेच्या दृष्टीनेही खरा दोष तोच होता.

दुसरा दाखला २०२० चा. पुण्यात घडलेला ‘राजी : अ‍ॅन एन्शंट एपिक’. लोकवर्गणीतून निधी उभारण्याचा २०१७ चा प्रयत्न अयशस्वी झाल्यानंतरही या छोट्या संस्थेने खेळ पूर्ण केला. असुरांनी पळविलेल्या भावाच्या शोधात निघालेली एक मुलगी, तिच्यावर वरदहस्त ठेवणारी दुर्गा आणि तिची कथा सांगणारे विष्णू, राजस्थानी वास्तुशैलीचे महाल, पहाडी चित्रशैलीचा रंगबाज, छायाबाहुल्यांतून उलगडणारा कथाभाग! जगभरच्या समीक्षकांनी दृश्यांची आणि संगीताची मनापासून प्रशंसा केली. त्याच वेळी खेळ फार छोटा आहे आणि युद्धप्रसंगांत सफाई कमी आहे, असेही नोंदविले. सरासरी गुण ७० च्या आसपास राहिले. त्या वर्षीच्या ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये पदार्पणातील सर्वोत्तम खेळांच्या नामांकनात त्याचा समावेश झाला. हा कौल अन्यायाचा नव्हता. ‘राजी’ची रूपकळा उत्तम आणि घडण अपुरी होती.

तिसरा दाखला शेजारच्या चीनचा आहे आणि तो सर्वांत बोलका आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये आलेल्या ‘ब्लॅक मिथ : वुकाँग’च्या तीन दिवसांत एक कोटी प्रती विकल्या गेल्या. त्याच्या मुळाशी असलेली ‘पश्चिमेची यात्रा’ ही सोळाव्या शतकातील कादंबरी ह्युएन त्संगच्या भारतयात्रेवर बेतलेली आहे. हा यात्रेकरू सातव्या शतकात दुसऱ्या पुलकेशीच्या राज्यात आला होता आणि महाराष्ट्रातील माणसांच्या स्वाभिमानाची नोंद त्याने करून ठेवली आहे. ज्या यात्रेचे गंतव्य भारत होते, ती यात्रा चिनी कारागिरांनी जगाला खेळायला दिली आणि शान्सी प्रांतातील जुनी मंदिरे व मूर्ती यांचे तपशीलवार त्रिमितीय चित्रण करून ती त्या खेळात उतरविली. पाश्चात्त्य वृत्तपत्रसृष्टीतील काहींनी खेळापेक्षा संस्थेच्या वादांचीच चर्चा अधिक केली. अदृश्य भिंती आणि तांत्रिक उणिवा यांवर समीक्षकांनी बोट ठेवले. तरीही सरासरी गुण ८० च्या पुढे गेले, कारण कौशल्याने वादावर मात केली.

या तीन दाखल्यांवरून पुढील भाकीत मांडता येते. परदेशी समीक्षक आगामी भारतीय खेळाच्या नवेपणाचे, वास्तुकलेचे आणि संगीताचे मुक्तकंठाने कौतुक करतील. युद्धाची सफाई, कथेची गती आणि तांत्रिक स्थैर्य यांत ते उणिवा शोधतील व त्यांतील बहुतेक खऱ्या असतील. गुण सत्तरीत स्थिरावतील. घडण कसदार असेल तर ऐंशी ओलांडतील. यात कटकारस्थान शोधण्याचे कारण नाही. जो समीक्षक चीन, जपान आणि पोलंड यांच्या खेळांना हीच मापे लावतो, तो भारताला वेगळे माप लावत नाही.

देशातील एका वर्गाबद्दलचे भाकीत मात्र निराळे आहे. खेळात त्रिशूळ दिसताच त्याला राजकारण दिसेल आणि मंदिराचा कळस दिसताच बहुसंख्याकवाद आठवेल. पोलंडने आपल्या लेखकाच्या कादंबऱ्यांवरून ‘द विचर’ ही खेळांची मालिका घडविली. २०११ साली पोलंडचे पंतप्रधान डोनाल्ड टुस्क यांनी अमेरिकेचे अध्यक्ष ओबामा यांना त्यातील दुसरा खेळ राष्ट्रीय भेट म्हणून दिला. त्यात कोणालाही संकुचितपणा आढळला नाही. ग्रीकांचा झ्यूस आणि उत्तर युरोपातला ओडिन ‘गॉड ऑफ वॉर’मुळे भारतीय मुलांच्या ओठांवर आले, तेव्हाही कोणी चिंता व्यक्त केली नाही. मग नृसिंह आणि दुर्गा यांनाच प्रवेशद्वारावर ओळखपत्र का मागितले जावे? हा प्रश्न स्पष्टपणे विचारला पाहिजे. परंतु तो विचारल्याने खेळ चांगला ठरत नाही, हेही तितक्याच स्पष्टपणे जाणले पाहिजे.

खरी कसोटी तिसऱ्या समीक्षकाची आहे. तो समीक्षक म्हणजे हिंदू समाज स्वतः. त्याच्यापुढे दोन सोपे मार्ग आहेत आणि दोन्ही घातक आहेत. ‘आपला आहे म्हणून उत्तम’ हा पहिला. या वृत्तीने कारागिराला आळशी केले आणि २००९ ची पुनरावृत्ती ओढवून घेतली, एवढेच घडेल. ‘देवाचा खेळ केला म्हणून बंदी घाला’ हा दुसरा. हिंदू परंपरेला देवांचा खेळ कधीच वर्ज्य नव्हता. ललितात आणि दशावतारात गावातला माणूसच देवाचे सोंग घेतो आणि प्रेक्षक त्याला हात जोडतात. मर्यादा सोंगाला नाही, सोंगाच्या हेतूला आहे.

या बाबतीत जपानने २०२५ साली घेतलेली भूमिका अभ्यासण्याजोगी आहे. ‘असॅसिन्स क्रीड शॅडोज’ या परदेशी खेळात शिंतो देवस्थानातील वस्तूंची मोडतोड करता येते, असे दिसून आल्यावर जपानी संसदेत प्रश्न विचारला गेला. दंगल झाली नाही. कंपनीने खेळात बदल करून देवस्थानातील काही वस्तू अभंग केल्या. त्याच जपानने २०२० साली अमेरिकी संस्थेच्या ‘घोस्ट ऑफ त्सुशिमा’ या खेळाला आपल्या प्रतिष्ठित ‘फामित्सू’ नियतकालिकातून पैकीच्या पैकी गुण दिले होते. आदराने आणि अभ्यासाने घडविलेल्या कृतीला दाद द्यायची, अनादर झाला तर नेमके कोठे झाला ते दाखवून द्यायचे, ही स्वाभिमानी समाजाची रीत आहे.

आणि ही रीत बारामतीला परकी नाही. पन्हाळगडावर १७२९ साली जन्मलेले मोरोपंत बाबूजी नाईकांच्या आश्रयाने बारामतीत स्थिरावले आणि १७९४ मध्ये तेथेच निवर्तले. कऱ्हेकाठच्या या कवीने संपूर्ण महाभारत आर्यावृत्तात आणले आणि एकच रामकथा शंभराहून अधिक प्रकारे सांगितली, असे परंपरा मानते. त्यांच्या ‘निरोष्ठ रामायणा’त तर ओठांनी उच्चारली जाणारी अक्षरेच नाहीत! नियम आधी घालून घ्यायचा, त्या नियमाच्या चौकटीत मोकळेपणाने विहरायचे आणि तरीही रामकथेचा धागा सुटू द्यायचा नाही. आजच्या खेळकर्त्याचे काम याहून वेगळे ते काय आहे? मोरोपंतांनाही टीका चुकली नाही. यमकांचा हव्यास आणि शब्दांची कसरत हे आक्षेप त्यांच्यावर घेतले गेले. इंग्रजी विद्येच्या पहिल्या भरात जुनी मराठी कविताच हिणविली जात असताना विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७४ साली सुरू केलेल्या ‘निबंधमाले’तून मोरोपंतांच्या काव्याचा विस्ताराने परामर्श घेतला. शास्त्रीबुवांनी नुसता जयघोष केला नाही; साक्षेपी वाचन करून युक्तिवाद मांडला. स्वत्वाचे रक्षण असे होते.

आज संगणकीय खेळांचे चिपळूणकर कोठे आहेत? मराठीत नाटकाची समीक्षा होते, चित्रपटाची होते. परंतु ज्या माध्यमापुढे घरातला मुलगा तासन्‌तास बसतो, त्याविषयी मराठीत चार जबाबदार ओळी मिळणे कठीण. परिणामी, कोणता खेळ चांगला हे त्या मुलाला सर्वस्वी परक्या भाषेतून कळते आणि कोणता खेळ वाईट हे घरातल्या ओरड्यातून. संघशाखेत खेळाला केंद्रस्थान आहे, कारण संस्कार उपदेशापेक्षा खेळातून लवकर रुजतात, हा प्रत्येक स्वयंसेवकाचा अनुभव आहे. मग खेळाच्या या नव्या रूपाविषयी मौन बाळगून कसे चालेल? बारामती, इंदापूर येथील महाविद्यालयांतून संगणकाचे शिक्षण घेणारे तरुण आहेत. त्यांनी असे खेळ खेळून, तपासून, गुणदोष मराठीत लिहिले पाहिजेत. त्यातील कथा पुराणाशी कोठे जुळते, कोठे सुटते आणि सुटते तेथे काही साधते की नाही, हे पालकांना सांगितले पाहिजे.

दुसरे काम अधिक निकडीचे आहे. शान्सीची मंदिरे मोजली गेली म्हणून ‘वुकाँग’ घडला. पळसदेवचे मंदिर पाणी ओसरते तेवढ्याच दिवसांत मोजता येते. त्याचे शिल्पांकन दर वर्षी लाटा खात आहे. शिवछत्रपतींचे आजोबा मालोजीराजे ज्या इंदापूरच्या रणभूमीवर पडले, तेथील गढीचा बुरूज न् बुरूज, नरसिंहपूरच्या घाटाची पायरी न् पायरी शास्त्रशुद्ध रीतीने नोंदविणे हे पुरातत्त्व खात्याइतकेच समाजाचेही काम आहे. ही नोंद नसेल, तर उद्याचा खेळकर्ता परकीय चित्रांवरून उसने मंदिर उभे करील आणि समीक्षक त्यालाच भारत समजेल.

परकीय समीक्षक गुण देईल, कदाचित सत्तर, कदाचित ऐंशी. तो आकडा वर्षभरात विस्मरणात जाईल. परंतु त्या खेळात राम कसा चालला, दुर्गा कशी बोलली आणि मंदिराचा उंबरा ओलांडताना खेळणाऱ्याचा हात क्षणभर थबकला की नाही, याचा कौल हिंदू समाजालाच द्यावयाचा आहे. तो कौल अभ्यासाने दिला गेला, तर पुढचा खेळ अधिक चांगला होईल.