चेंडू मारायचा नाही, झेलायचा

शेवटची इनिंग. एकही खेळाडू बाद नाही. पहिल्या बेसवर एक मुलगी पाय रोवून उभी आहे आणि बॅट घेऊन आलेल्या दहा-अकरा वर्षांच्या मुलीला कोचची खूण येते : बंट! बाकांवर बसलेल्या आईवडिलांचे चेहरे उतरतात. एवढी महागाची बॅट घेऊन दिली, ती काय चेंडू नुसता अडवायला?

अमेरिकेत गावोगावच्या मैदानांवर हे दृश्य नेहमीचे. सॉफ्टबॉलचा जन्मच तिथला. १८८७ साली शिकागोत जॉर्ज हॅनकॉक यांनी बॉक्सिंगचा हातमोजा बांधून त्याचा चेंडू केला, झाडूच्या दांड्याची बॅट केली आणि बंद सभागृहात हा खेळ मांडला. पुढे त्याची फास्टपिच ही वेगवान तऱ्हा मुलींनी आपलीशी केली आणि १९९६ साली अटलांटा ऑलिंपिकमध्ये महिला सॉफ्टबॉलने प्रवेश केला. आपल्या महाराष्ट्रातही शालेय स्पर्धांमध्ये तो खेळला जातो. पण बंट म्हटले की ‘न मारणारी मुलगी’ अशीच समजूत होते.

वास्तविक बंट म्हणजे चेंडू मऊपणे जमिनीवर पाडणे. क्रिकेटमध्ये फलंदाज हात सैल सोडून चेंडू पायाशी मारून टाकतो ना, त्याचेच हे भावंड. फरक इतकाच, की इथे चेंडू पाडला की जिवाच्या आकांताने पहिल्या बेसकडे धावायचे. दोन बेसमधले अंतर ६० फूट. क्रिकेटच्या दोन स्टंपांतल्या ६६ फुटांपेक्षाही कमी! होमप्लेटपासून आठ-दहा फुटांवर चेंडू थांबला, की कॅचर पुढे येणार, पिचर धावणार, तिसऱ्या बेसवरची खेळाडू झेपावणार. आणि चेंडू कोणी उचलायचा हे ठरेपर्यंत बेसवरची मुलगी पुढच्या बेसवर पोचलेली असते.

शिकवताना घाई इथेच नडते. कोच मुलीच्या हाती बॅट देतो, समोरून चेंडू टाकतो आणि म्हणतो, ‘लाव बॅट.’ मुलगी डोळे मिटते! साहजिकच आहे. दहा वर्षांखालील मुलींसाठी पिचर ३५ फुटांवर उभी असते, बारा वर्षांखालील गटात ४० फुटांवर. तेवढ्यातून जोरात आलेला चेंडू चेहऱ्यासमोर अडवायचा म्हणजे भीती वाटणारच. म्हणून जाणते कोच आधी बॅट बाजूला ठेवायला लावतात. मुलीने बंटच्या पवित्र्यात उभे राहायचे, वरच्या हातात हातमोजा घालायचा आणि जवळून हळू टाकलेला चेंडू त्याने झेलायचा. झेलताना हात किंचित मागे येतो. तोच मागे येणारा हात बॅटमध्ये उतरवला, की निम्मा बंट शिकून झाला. आधी टेनिसचा चेंडू, मग खरा. हेल्मेट मात्र पहिल्या दिवसापासून, आणि तेही तोंडावर जाळी असलेले.

यानंतर बॅट धरणे. खालचा हात मुठीपाशी राहतो, वरचा बॅटच्या मध्याकडे सरकतो. वरच्या हाताची बोटे बॅटच्या मागे दुमडलेली हवीत. अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटीत बॅट पेलायची. बोटे पुढे आली की चेंडू आणि बॅट यांच्यामध्ये चिरडतात. पालकांनी घराच्या अंगणात सराव घेतला तर एवढी एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून पाहावी. बाकीच्या चुका मागाहून दुरुस्त होतात.

बॅट डोळ्यांच्या थोडी खाली, अंगापासून पुढे, आणि तिचे जाड टोक मुठीपेक्षा जरा वर. स्ट्राइकच्या क्षेत्रातला सर्वांत उंच चेंडू जिथून जाईल, तिथे बॅट आधीच धरलेली असते. म्हणजे त्याच्यावरून जाणारा चेंडू सरळ सोडून द्यायचा. खाली आलेल्या चेंडूसाठी गुडघे वाकवायचे, बॅट खाली पाडायची नाही. बॅटचे टोक खाली गेले की चेंडू हवेत उडतो, आणि बंटचा झेल म्हणजे बसल्या जागी दिलेला बळी. आणखी एक खोड हमखास दिसते : चेंडू बॅटला लागण्याआधीच पाय पहिल्या बेसकडे निघतात. आधी चेंडू, मग धाव, हे शंभरदा सांगावे लागते. दोन स्ट्राइक झाल्यावर केलेला बंट रेषेबाहेर गेला, तर मुलगी बाद होते. हा नियमही सरावातच सांगितलेला बरा, सामन्यात रडू येण्यापेक्षा.

आता वादाचा मुद्दा. अगदी लहान गटांत बंट हे सोपे शस्त्र ठरते. आठ-नऊ वर्षांच्या मुलींना चेंडू उचलून नेमका फेकता येत नाही, त्यामुळे काही कोच प्रत्येकीला बंटच करायला लावतात आणि सामने जिंकतात. चषक कपाटात जातो, पण मुलगी जोरात बॅट फिरवायला शिकतच नाही. त्यातही अंगाने बारीक मुलीच्या वाट्याला नेहमी बंट आणि उंचनिंच मुलीला मोकळी बॅट, अशी वाटणी झाली, की ‘तुझ्याने होणार नाही’ हे मुलगी न बोलता समजून जाते. हा अन्यायच आहे. बंट शिकवायचा तर संघातल्या सर्वांत जोरकस मुलीलाही शिकवावा, आणि बारीक मुलीलाही सरावात तेवढेच फटके मारू द्यावेत. जपानी संघ बंटवर भर देणारे म्हणून ओळखले जातात, पण २००८ साली बीजिंगला अमेरिकेला ३-१ असे हरवून त्यांनी सुवर्णपदक घेतले, त्या सामन्यात एरी यामादाने होमरनही मारला होता!

राहता राहिला बाद होण्याचा प्रश्न. मैत्रिणीला पुढे सरकवण्यासाठी स्वतः बाद होणे मोठ्यांनाही जड जाते, तर दहा वर्षांच्या मुलीची काय कथा? पण स्कोअर लिहिणाऱ्यांनी याचा विचार फार पूर्वी केला आहे. अशा यशस्वी बंटची त्यागाचा बंट म्हणून वेगळी नोंद होते. तो तिच्या फलंदाजीच्या संधींमध्ये धरला जात नाही आणि तिची सरासरी तसूभरही खाली येत नाही. सामना संपल्यावर घरी जाताना ‘आज बादच झालीस ना?’ असे विचारणाऱ्या बाबांनी ती वही एकदा उघडून पाहावी आणि मुलीलाही दाखवावी.