कर्ज थकलं म्हणजे माणूस वाईट?

परवा रात्री आमच्या अभ्यासिकेतला एक पोरगा घरी आला. तीन वर्षं बँकेच्या परीक्षा देत होता. यंदा निवड झाली, पेढे वाटून झाले. आणि आता हातात बँकेचं पत्र: तुमच्या नावावर थकीत कर्ज दिसतंय, रुजू होण्याआधी कर्ज देणाऱ्या बँकेचा 'ना हरकत' दाखला आणा, नाहीतर नेमणूक रद्द होऊ शकते.

कर्ज कसलं, तर शिक्षणाचं. वडील दीड वर्ष अंथरुणाला खिळले, तेव्हा हप्ते चुकले. वडील गेले. त्यानंतर जमेल तसे पैसे भरतोय बिचारा. पण सगळं फिटल्याशिवाय दाखला मिळत नाही. म्हणजे नोकरी लागली तर कर्ज फिटणार आणि कर्ज फिटलं तरच नोकरी लागणार!

"सर, मी काय चोरी केलीय का?" एवढंच विचारलं त्यानं. मला पटकन उत्तर देता आलं नाही.

नियम लपूनछपून केलेला नाही. आयबीपीएसच्या जाहिरातीत सिबिलची अट स्पष्ट असते. स्टेट बँकेची तर त्याहून कडक. 2025 मध्ये मद्रास उच्च न्यायालयात असंच प्रकरण गेलं होतं. उमेदवार म्हणत होता की कर्ज फेडलंय. न्यायालयानं नेमणूक रद्द करण्याचा स्टेट बँकेचा निर्णय कायम ठेवला. लोकांचा पैसा हाताळणाऱ्याला आर्थिक शिस्त हवी, हा मुद्दा. तत्त्व म्हणून मलाही तो मान्य आहे.

पण शिस्त मोडणं आणि घरावर संकट कोसळणं, या दोन गोष्टी एकच आहेत का?

मला माझा एक वर्गमित्र आठवला. अमेरिकेत व्हर्जिनियात असतो, तिथला नागरिक आहे. आजारपणाच्या बिलांपायी त्यानं कोर्टात रीतसर दिवाळखोरी जाहीर केली होती. पुढं चार वर्षांनी संरक्षण खात्याचं काम करणाऱ्या कंपनीत नोकरी चालून आली. त्यासाठी 'सिक्युरिटी क्लिअरन्स' लागतो, म्हणजे सरकारी गुपितं हाताळायची परवानगी. आम्हाला वाटलं, संपलं याचं.

कारण कर्जबाजारी माणसाची भीती तिथं आपल्यापेक्षा जास्त, आणि ती उगाच नाही. सीआयएचा अधिकारी आल्ड्रिच एम्स 1985 मध्ये पैशाच्या अडचणीत होता. त्यानं सोव्हिएत रशियाला गुपितं विकली, अमेरिकेसाठी काम करणाऱ्यांची नावं सांगितली. त्यातल्या अनेकांचा जीव गेला. हा पकडला गेला 1994 मध्ये. त्यामुळे तिथल्या अर्जात गेल्या 7 वर्षांतली दिवाळखोरी, थकबाकी, न भरलेला कर, सगळं लिहून द्यावं लागतं.

तरीही दिवाळखोरी म्हणजे आपोआप नकार, असा तिथं नियम नाही. 2017 पासून लागू असलेल्या तत्त्वांत तपासायचे 13 मुद्दे आहेत, त्यातला एक पैशाचा. त्यात विचारतात: कर्ज कशामुळे झालं? नोकरी गेली, धंदा बसला, आजारपण आलं, घरातलं कुणी गेलं, असं काही हाताबाहेरचं होतं का? त्या काळात तुम्ही जबाबदारीनं वागलात का? आता घडी बसलीय का? नकार द्यायचा तर कारणं लेखी देतात, बाजू मांडता येते. लपवाछपवी केली तर मात्र खैर नाही, तो वेगळाच गुन्हा. मित्रानं सगळं खरं लिहिलं, बिलं जोडली. वेळ लागला, पण परवानगी मिळाली.

अमेरिका म्हणजे स्वर्ग असं मी म्हणत नाही. पैशाच्या मुद्द्यावर तिथंही भरपूर नकार जातात. पण नकाराआधी 'का' विचारतात. देशाची गुपितं सोपवताना हे विचारता येतं, तर बँकेतल्या कारकुनाच्या नेमणुकीत का नाही?

आपल्याकडे तर नव्यानं सुरुवात करायची वाटही धड नाही. 2016 च्या दिवाळखोरी कायद्यात व्यक्तींसाठी स्वतंत्र भाग आहे, पण तो फक्त कंपन्यांच्या कर्जाला जामीन राहिलेल्यांना लागू केलाय. बाकीच्यांसाठी अजून इंग्रजांच्या काळातले 1909 आणि 1920 चे कायदे. कंपनी बुडाली तर तिच्यासाठी यंत्रणा, पोराचे हप्ते चुकले तर कायमचा डाग.

माझी मागणी साधी आहे. नेमणूक रद्द करण्याआधी लेखी बाजू मांडू द्या. आजारपण, घरातला मृत्यू आणि शिक्षणाचं कर्ज वेगळं धरा. हवं तर पगारातून हप्ता कापून घ्या. मुद्दाम बुडवणाऱ्याला खुशाल दारातून परत पाठवा.

आणि पोरांनो, फॉर्म भरायच्या आधी आपला क्रेडिट रिपोर्ट बघा. वर्षातून एकदा तो फुकट मिळतो. चुकीची नोंद असेल तर तक्रार करा. 30 दिवसांत निकाली निघाली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला 100 रुपये भरपाई द्यावी, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे.

त्या पोराला मी सांगितलं, तू चोरी केलेली नाहीस. दवाखान्याचे कागद, मृत्यूचा दाखला, भरलेल्या हप्त्यांच्या पावत्या, सगळं एका फाईलला लाव. सोमवारी दोघं मिळून बँकेत जातोय. तुमच्या ओळखीत असं कुणाचं झालं असेल आणि मार्ग निघाला असेल, तर खाली नक्की लिहा. त्याला दाखवायचंय.