तिकिटावरचे सहा तास

मागच्या महिन्यात आमच्या खाला घरी आल्या. त्यांची लेक न्यूयॉर्कला असते. तिच्या बाळंतपणासाठी खाला निघालेल्या. विमानात बसण्याची पहिलीच वेळ. तिकिटाचा कागद आमच्यापुढे ठेवून म्हणाल्या, "बघ बेटा, रात्री एकला मुंबई सोडायची आणि सकाळी सातला न्यूयॉर्क. सहा तास! रत्नागिरीहून मुंबईला यायला याहून जास्त लागतात."

मग सहज बोलून गेल्या की साखरेच्या गोळ्या आणि इन्सुलिन मोठ्या बॅगेत भरून झाले आहे. सहा तासांसाठी ते हातात कशाला बाळगायचे? आम्ही चहाचा कप खाली ठेवला.

चूक खालांची नव्हती. तिकिटावर निघण्याची वेळ निघण्याच्या गावची असते आणि पोहोचण्याची वेळ पोहोचण्याच्या गावची. न्यूयॉर्कचे घड्याळ मार्च ते नोव्हेंबर आपल्या साडेनऊ तास मागे असते, थंडीत साडेदहा. म्हणून पश्चिमेकडे जाताना हा फरक मिळवायचा. सहा आणि साडेनऊ, म्हणजे प्रवास साडेपंधरा तासांचा. येताना तो वजा करायचा. खालांच्या परतीच्या तिकिटावर सकाळी अकराला निघून दुसऱ्या दिवशी साडेदहाला मुंबई होती. कागदावर साडेतेवीस तास दिसतात, पण प्रवास चौदाच तासांचा.

"जाताना साडेपंधरा आणि येताना चौदा? रस्ता तर तोच ना?" खालांनी बरोबर पकडले.

आम्ही धाकट्याचा पृथ्वीगोल आणला आणि मुंबईपासून न्यूयॉर्कपर्यंत दोरा ताणून धरला. दोरा सरळ पश्चिमेला गेलाच नाही. तो अफगाणिस्तान, रशिया, नॉर्वे असा वर चढला, ग्रीनलँडच्या दक्षिण टोकाशी पोहोचला आणि कॅनडावरून खाली उतरला. गोलावरचे सर्वांत जवळचे अंतर हेच, सुमारे साडेबारा हजार किलोमीटर. ताशी 900 किलोमीटरच्या हिशेबाने चौदा तास होतात. पण त्या उंचीवर वारे बहुतेक पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात. जाताना ते समोरून येतात आणि येताना पाठीशी असतात. शिवाय विमानाला नेहमी दोऱ्याच्या रेषेने जाता येत नाही. एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानने भारतीय विमान कंपन्यांना आपले आकाश बंद केले, तेव्हा त्यांच्या विमानांना वळसा घ्यावा लागला. असा वळसा पडला की तासही वाढतात.

खालांनी बोटांवर मोजले. घरून विमानतळ, तिथले तीन तास, मग विमान, मग सामान मिळेपर्यंतचा वेळ. जवळजवळ एक पूर्ण दिवस, आणि औषध विमानाच्या पोटात!

त्याच संध्याकाळी आम्ही त्यांना डॉक्टरांकडे नेले. कोणता डोस कधी घ्यायचा ते डॉक्टरांनी भारतीय वेळेनुसार लिहून दिले. औषधे आणि डॉक्टरांची चिठ्ठी हातातल्या पर्समध्ये आली, सोबत खायला थोडे काही. मधून मधून उठून चार पावले चालायचे आणि पाणी पीत राहायचे, हेही ठरले. मनगटावरचे घड्याळ लेकीच्या घरी पोहोचेपर्यंत बदलायचे नाही, असे आम्ही बजावले.

आपल्या घरातले कुणी वडीलधारे दूरच्या प्रवासाला निघाले, तर तिकीट हातात देताना एवढा हिशेब त्यांच्यासोबत बसून जरूर करा. पाच मिनिटांचे काम आहे.

खाला सुखरूप पोहोचल्या. फोनवर म्हणाल्या, "बेटा, तुझे साडेपंधरा तास बरोबर निघाले. पण नातीला पाहिले आणि सगळे विसरले."