आधी खड्डा, मग नकाशा

काळ्या मातीवर पुरेसा पाया न घालता बांधलेल्या घराचे वर्षाचे वेळापत्रक ठरलेले असते. श्रावणात दारे चौकटीत अडतात. दिवाळीला पुट्टी मारून भेगा बुजवल्या जातात आणि वैशाखात त्या खिडकीच्या कोपऱ्यातून पुन्हा तिरक्या निघतात. वाशीम जिल्ह्यातल्या रिसोड परिसरात असे घर शोधायला फार फिरावे लागत नाही. खापर बहुतेक वेळा मिस्त्रीच्या डोक्यावर फुटते. नकाशा जमीन न पाहताच काढला होता, हे कोणी विचारात घेत नाही.

जागेच्या अडचणीतून घडलेली वास्तुकला म्हटली की गुळगुळीत मासिकांतली चित्रे आठवतात. अलिबागजवळ नांदगावला स्टुडिओ मुंबईने नारळीच्या बागेत बांधलेले पामायरा हाउस, डोंगरउतारावरचे बंगले, समुद्राकडे उघडणाऱ्या खिडक्या. देखणी कामे आहेत, वादच नाही. पण त्यामुळे जागेचा विचार हा ऐपतदारांचा शौक वाटू लागतो. पैनगंगेच्या या भागात जागेची मुख्य अडचण नजरेला दिसतच नाही, कारण ती पायाखाली आहे.

दख्खनच्या बेसाल्टची झीज होऊन ही माती तयार झाली. तिच्यातले मॉन्टमोरिलोनाइट हे खनिज पाणी शोषून फुगते आणि वाळले की आकसते. कपाशी-सोयाबीनसाठी ओल धरून ठेवणारी हीच माती घराच्या मुळावर उठते. घराच्या मध्याखाली ओल टिकते, कडेची माती मात्र उन्हाने सुकून बसते. भिंत एकीकडे उचललेली, दुसरीकडे खचलेली, म्हणून ती फाटते. न्हाणीचे पाणी पायाशी मुरत असेल किंवा कडुनिंब भिंतीला खेटून असेल, तर दुखणे आणखी वाढते. वस्तीची ती पांढरी आणि शेताची ती काळी, ही खेड्यांची जुनी वाटणी. आता शेत बिगरशेती होते, लेआउट पडतो, चुन्याच्या रेषा आखल्या जातात आणि घर थेट काळीत उभे राहते.

यावर उपाय जुनाच आहे. रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने अशा मातीसाठी अंडर-रीम्ड पाइल विकसित केले. जमिनीत खोल छिद्र घ्यायचे आणि त्याच्या तळाशी काँक्रीटचा फुगवटा करायचा. फुगणाऱ्या मातीचा थर खोल असेल, तर असा पाइल निदान साडेतीन मीटर खोल हवा, असे भारतीय मानक सांगते. ऋतूनुसार हलणारी माती मग वरच्या वर राहते. मुरूम जवळ लागत असेल तर एवढा खटाटोप नको, मुरमापर्यंत खोदले की भागते. म्हणजे एकाच लेआउटमधल्या दोन प्लॉटांना दोन वेगळे पाये लागू शकतात. दिसतो मात्र एकच नमुना: पुढे पोर्च, वर उघडा स्लॅब, पश्चिमेला मोठी काच. मे महिन्यात तो स्लॅब रात्रीही तापलेला असतो आणि कूलरचे बिल वाढत राहते. मातीच्या सपाट छताच्या जुन्या धाब्याच्या घरात हा ताप कमी होता. पण दरवर्षीची डागडुजी आणि पावसातली गळती ज्यांनी सोसली, त्यांना धाब्याकडे परत पाठवण्याचा सल्ला शहरात बसून देऊ नये.

अडचणीतून आजच्या काळाची इमारत कशी निघते, ते कोपरगावला पाहावे. तिथल्या शारदा स्कूलमधले माया सोमय्या ग्रंथालय समीप पाडोरा यांच्या कार्यालयाने 2018 मध्ये पूर्ण केले. जागा मिळाली ती जुन्या इमारती आणि कुंपण यांच्यामधली अरुंद पट्टी. त्यांनी विटांच्या पातळ थरांची कमानदार, लाटेसारखी छते उभारली. आकार संगणकावर शोधला आणि रचला तो गवंड्यांनी. मुले छतावरून चालत जातात आणि खाली वाचत बसतात. जागा ऐसपैस असती तर कदाचित नेहमीची चौकोनी इमारत झाली असती.

हे धडे वाशीमला परके नाहीत. वाशीम म्हणजे वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. याच शाखेच्या हरिषेण राजाचा मंत्री वराहदेव याने पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात अजिंठ्याचे सोळावे लेणे कोरवून घेतले. वाघूर नदीच्या वळणाने आणि कड्याने दिली, ती जागा त्याने घेतली.

आजचे शासन मात्र जमीन अर्धीच पाहते. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण निकषांत सपाट प्रदेशातल्या घरकुलाला केंद्र-राज्य मिळून 1 लाख 20 हजार रुपये आणि डोंगराळ भागात 1 लाख 30 हजार. उंचसखलपणाची नोंद झाली, खालच्या मातीची नाही. रिसोड तालुक्यातल्या खेड्यातला लाभार्थी सपाट प्रदेशातला म्हणून 25 चौरस मीटरचे घर मोजक्या रकमेत बसवतो आणि तोकड्या पैशाचा पहिला फटका पायाला बसतो.

त्यामुळे बांधकाम परवानगीच्या अर्जासोबत नगर परिषदेने चाचणी-खड्ड्याची नोंद मागावी: काळी माती किती फूट, मुरूम कुठे लागला. जेसीबी लेआउटवर आलेलाच असतो. खर्च वाढेल ही तक्रार खोटी नाही, म्हणूनच खोल काळ्या मातीतल्या घरकुलांना डोंगराळ भागासारखी वाढीव रक्कम द्यायला हवी. तालुक्यात पुढे जी शाळाखोली किंवा ग्रामपंचायत कार्यालय मंजूर होईल, त्याच्या पायाचा नकाशा दर्शनी भिंतीवर रंगवून ठेवावा. गावातल्या गवंड्यांना तो वाचता येतो.