हृदयाचें चित्र आणि लपलेला दोष

गेल्या पावसाळ्यांत घोडेगांवच्या आमच्या एका स्नेह्यांस, पूजेची तयारी करीत असतां, पक्षाघाताचा झटका आला. तांतडीनें पुण्यास नेल्यामुळें हात पुष्कळसा सुधारला, वाचाही परतली. परंतु झटका कां आला हें कळेना. मानेच्या रक्तवाहिन्या मोकळ्या, ई. सी. जी. निर्दोष. मात्र टू-डी एको पाहून डॉक्टर म्हणाले, "हृदयाचा डावा वरचा कप्पा मोठा झाला आहे, नाडीवर दीर्घकाळ लक्ष ठेवलें पाहिजे." तेव्हां वहिनींनीं मला विचारलें, "मास्तर, आलेख चांगला, मग चित्रांत दोष कसा?" प्रश्न मार्मिक आहे, म्हणून या महिन्यांत त्याचाच विचार करूं.

हृदयाचे वरचे दोन कप्पे नियमानें आकुंचन पावून रक्त खालच्या कप्प्यांत ढकलतात. कित्येकांत ते आकुंचन न पावतां नुसते थरथरूं लागतात. यासच अॅट्रियल फिब्रिलेशन म्हणतात. डाव्या वरच्या कप्प्यास एक लहानशी पिशवी असते; थरथर सुरू झाली कीं तींत रक्त संथ होऊन त्याची गुठळी बनूं शकते. ती सुटून मेंदूकडे गेली म्हणजे पक्षाघात ओढवतो.

अडचण ही कीं, ही थरथर पुष्कळदां येते नि जाते; आणि साधा ई. सी. जी. अवघा दहा सेकंदांचा! इन्स्पेक्टरसाहेब वर्गांत आले कीं मुलें कशीं शहाण्यासारखीं बसतात, हें शिक्षकास सांगावयास नको. पण चाणाक्ष साहेब मुलांकडे न पाहतां बाकें पाहतो. त्यांवर कोरलेलीं अक्षरें वर्षभराची हकीकत सांगतात. एकोचें काम असेंच आहे. १९५३ साली स्वीडनमधील लुंड येथें एडलर व हर्ट्झ यांनीं ध्वनिलहरींनीं हृदय पाहण्यास आरंभ केला. आज त्याच मार्गानें कप्प्याचा आकार आणि भिंतीची लवचिकता मोजतां येते. कप्पा मोठा व भिंत ताठर असेल, तर लपलेली थरथर पुढें सांपडण्याचा संभव अधिक.

"मग रक्त पातळ करणारी गोळी आजच सुरू करावी," असा चिरंजीवांचा आग्रह होता. येथें मात्र थांबलें पाहिजे. धुरावरून अग्नीचें अनुमान करतां येतें, कारण जेथें धूर तेथें अग्नि ही व्याप्ति अढळ आहे. मोठा कप्पा आणि थरथर यांत तशी व्याप्ति नाहीं. अमेरिका व कॅनडा येथील 'आर्केडिया' या प्रयोगांत, कारण न सांपडलेला पक्षाघात झालेले, वरच्या कप्प्याच्या दोषाचीं चिन्हें असलेले, पण थरथर न आढळलेले एक हजारांवर रुग्ण घेतले होते. त्यांस दिलेली अपिक्सबान ही गोळी अॅस्पिरिनहून सरस ठरली नाहीं, असें २०२४ साली प्रसिद्ध झालें. शिवाय अशा औषधानें रक्तस्रावाचें भय असतेंच. तात्पर्य, गोळी कोणास द्यावी हें चित्र ठरवीत नाहीं. पाळत कोणावर अधिक ठेवावी, एवढेंच तें सुचवितें.

ती पाळत मात्र चिकाटीची हवी. २०१४ सालच्या 'क्रिस्टल-एएफ' प्रयोगांत त्वचेखालीं बसविलेल्या लहान यंत्रानें वर्षभरांत शेंकडा १२.४ रुग्णांत थरथर सांपडली. नेहमींच्या तपासणीनें अवघी शेंकडा २. थरथर सिद्ध झाली म्हणजे त्याच गोळीचें मोल फार मोठें ठरतें.

हा शहरी सुखवस्तूंचाच रोग, अशी समजूत कोणी करून घेऊं नये. गडचिरोलीच्या 'सर्च' संस्थेनें ८६ खेड्यांत मृत्यूंची पाहणी केली, तेव्हां पक्षाघात हेंच सर्वांत मोठें कारण आढळलें. जुन्नर-आंबेगांवच्या घरांनींही सावध असावें. मनगटावर बोटें ठेवून पुरता एक मिनिट नाडी मोजावी. ठोके अनियमित वाटले तर त्याच दिवशीं ई. सी. जी. काढावा. नाडी नियमित लागली म्हणून निर्धास्त मात्र होऊं नये; आणि दिलेलें औषध आपल्या मनानें बंद करूं नये.

आमच्या स्नेह्यांच्या छातींत तसें यंत्र बसविलें आहे. अद्याप कांहीं सांपडलें नाहीं. तरी दिवेलागणीस वहिनी घड्याळ घेऊन त्यांच्याजवळ बसतात, आणि तेवढा एक मिनिट घरांत कोणी बोलत नाहीं.